मुंबई, मुहर्रक, लोद : एका हवाई वाटेचा इतिहास

विमानतळाचा इतिहास लिहावयाचा तर बहुधा धावपट्टीची लांबी, इमारतीचा खर्च आणि उतारूंची संख्या एवढेच लिहिले जाते. परंतु प्रवाशाला खरोखर दोनच प्रश्न पडतात. शहरातून विमानतळापर्यंत पोहोचावयाचे कसे, हा पहिला. आणि तेथून उडाल्यावर वाटेत कोण जाऊ देणार व कोण अडविणार, हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या दृष्टीने पाहिले असता इराणी आखातातील बहरीन या लहानशा बेटावरील विमानतळाचा इतिहास आम्हां मुंबई-कोकणातून आलेल्या बेने इस्राएल कुटुंबांना परका राहत नाही. तो पुष्कळसा आपलाही इतिहास ठरतो.

नकाशा उघडून मुंबई आणि लोद या दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरावा. दोऱ्याच्या वाटेवर, मध्याच्या थोडे पुढे, बहरीन येते. मुंबईहून ते सुमारे २,४०० किलोमीटर आणि तेथून लोद सुमारे १,६५० किलोमीटर. म्हणजे आपल्या जुन्या घरापासून नव्या घरापर्यंतची जी सरळ वाट, तिच्यावरचे हे जणू मधले स्टेशन. असे असूनही इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ या वाटेने बहरीनमध्ये उतरून लोदला जाणे कोणालाही शक्य नव्हते. ही वाट आरंभी कशी उघडली, कशी बंद झाली आणि पुन्हा कशी उघडली, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

बहरीन या अरबी शब्दाचा अर्थ 'दोन समुद्र'. हे एक बेट नसून बेटांचा समूह आहे. मोठ्या बेटाच्या ईशान्य टोकाला मनामा ही राजधानी, आणि तिच्या समोर उथळ खाडीपलीकडे मुहर्रक हे दुसरे बेट. एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्या अल् खलिफा घराण्याचे वास्तव्य मुहर्रकला होते आणि मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे वाडेही तेथेच होते. ते जुने वाडे आणि मोती काढणाऱ्यांच्या गल्ल्या २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाल्या. विमानतळ आहे तोही याच मुहर्रक बेटावर. त्याच्याजवळच अरादचा जुना किल्ला उभा आहे.

कोकणाशी या बेटाचा संबंध विमानांच्या कितीतरी आधीचा आहे. १५२१ साली पोर्तुगीजांनी बहरीन जिंकून घेतले. त्याच साली त्यांनी अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी मिळवून चौल येथे आपले ठाणे वसविण्यास सुरुवात केली. ज्या रेवदंड्याच्या तटबंदीशेजारून आपल्या पूर्वजांचे तेलाचे घाणे फिरले, ती तटबंदी आणि बहरीनवरील पोर्तुगीज अंमल ही एकाच आरमाराची कामे होत. १६०२ मध्ये पोर्तुगीज बहरीनमधून गेले; परंतु अरबी समुद्राच्या दोन काठांमधील व्यवहार चालूच राहिला. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि मुंबईहून तांदूळ, कापड व लाकूड तिकडे जाई. ब्रिटिशांच्या काळात तर तेथे हिंदुस्थानचा रुपयाच चालत असे. १९५९ साली आखातासाठी वेगळा रुपया निघाला आणि १९६५ मध्ये दहा रुपयांना एक या दराने बहरीनचा स्वतःचा दिनार आला.

आता विमानाकडे वळू. लंडन ते कराची ही टपाल व उतारूंची हवाई सेवा इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. प्रवासाला सात दिवस लागत, भाडे १३० पौंड पडे आणि युरोपातील काही अंतर आगगाडीने कापावे लागे. त्या वेळी विमाने बसऱ्यावरून पुढे आखाताच्या इराणी किनाऱ्याने, बुशहर, लिंगे व जास्क अशी थांबत येत. बहरीनचे नाव या वाटेवर नव्हते. परंतु इराण सरकारने दिलेली परवानगी थोड्या मुदतीची होती आणि ती मुदत संपल्यावर याच वाटेने विमाने जाऊ देण्यास ते सरकार राजी नव्हते. कंपनीला आपली वाट उचलून समोरच्या अरबी किनाऱ्यावर न्यावी लागली. १९३२ च्या ऑक्टोबरात हा बदल झाला आणि कुवेत, बहरीन, शारजा, ग्वादर, कराची अशी नवी वाट ठरली. बहरीनचा विमानतळ जन्मास आला तो अशा रीतीने, एका देशाने वाट नाकारली म्हणून. पुढील सर्व इतिहासात हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा दिसते.

त्याच १९३२ सालात बहरीनच्या भूमीत खनिज तेल लागले. जपानी कृत्रिम मोत्यांमुळे मोत्यांचा धंदा बुडत असतानाच तेल आणि विमान ही दोन नवी साधने एकाच वर्षी त्या बेटाला लाभली. त्याच महिन्यात आपल्याकडेही एक घटना घडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका लहान विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथील मैदान गाठले. कराचीपर्यंत विलायती टपाल आणण्याचे काम इंपीरियल एअरवेजचे, आणि तेथून मुंबईला व पुढे मद्रासला नेण्याचे काम टाटांच्या सेवेचे, अशी ही जोडणी होती. म्हणजे त्या हिवाळ्यापासून लंडनचे हवाई पत्र मुंबईत यावयाचे ते बहरीनच्या वाळूला स्पर्श करूनच येई. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरून जाई आणि टाटांची विमाने पुण्याला उतरत. बहरीनला पावसाचे भय नव्हते. तेथे वाळूचे वादळ हीच अडचण.

पहिली मोठी विमाने चार इंजिनांची, दुहेरी पंखांची आणि ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने जाणारी होती. 'हॅनिबल' हे त्यांपैकी एक १९३२ साली बहरीनला उतरले. या विमानाचा शेवट मात्र दुःखद झाला. १ मार्च १९४० रोजी जिवानीहून शारजाकडे येताना ते ओमानच्या आखातावर आठ माणसांसह नाहीसे झाले आणि त्याचा शोध कधीच लागला नाही. मद्रासचे नामवंत पुढारी सर ए. टी. पन्नीरसेल्वम त्यातून इंग्लंडला निघाले होते.

विमानाच्या आरंभीच्या त्या काळात मनामाहून मुहर्रकच्या धावपट्टीवर जावयाचे म्हणजे होडीत बसून खाडी ओलांडावी लागे. रेवसच्या बंदरात मचव्यात बसून भाऊच्या धक्क्याला उतरलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना या प्रवासाची कल्पना सहज येईल. भरती, ओहोटी आणि वारा पाहून निघावयाचे आणि सामान ओले होणार नाही याची काळजी घ्यावयाची. ही अडचण दूर करण्यासाठी मनामा आणि मुहर्रक यांच्यामध्ये समुद्रात दगडमातीचा भराव घालून सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा रस्ता बांधण्यात आला. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुरा झाला आणि त्याला शेख हमद यांचे नाव मिळाले. गलबतांना खाडीतून जाता यावे म्हणून त्यात बाजूला फिरणारा एक पूल ठेवला होता. गलबत आले की पूल बाजूला होई आणि मोटारी थांबून राहत. समुद्रावरच्या वाहतुकीचा मान जमिनीवरच्या वाहतुकीहून अजून मोठा होता, असा तो काळ.

मुंबईकरांना 'कॉजवे' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडी पूर्वी तरीतून ओलांडावी लागे. लेडी अवाबाई जमशेदजी जीजीभाई यांनी १ लक्ष ५७ हजार रुपयांची देणगी दिल्याने १८४५ मध्ये तेथे माहीमचा कॉजवे झाला आणि मुंबई बेट साष्टीला जोडले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईची नागरी विमाने जुहूहून सांताक्रूझला आली. म्हणजे मांडवी, उमरखाडी, भायखळा या वस्त्यांतून निघून जे जे कुटुंब सांताक्रूझला विमानासाठी गेले, त्या प्रत्येकाला शीव किंवा माहीम येथे जुनी खाडी ओलांडावीच लागली. शहर एका बेटावर आणि विमानतळ शेजारच्या बेटावर, अशी मुंबईची रचना आणि बहरीनची रचना अगदी एकसारखी आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी गळ्यात हार, हातात ट्रंक आणि मागे निरोप देणारे नातलग अशा अवस्थेत माहीमची ती खाडी शेवटची पाहिली असेल.

महायुद्धात मुहर्रकच्या विमानतळावर ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. १५ ऑगस्ट १९७१ रोजी बहरीन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी तो तळही उठला. युद्धोत्तर काळात नागरी वाहतूक झपाट्याने वाढली, पण सुरक्षिततेची साधने तितक्या झपाट्याने आली नाहीत. १९५० च्या जूनमध्ये याचे फार मोठे मोल द्यावे लागले. १२ जूनच्या रात्री कराचीहून आलेले एअर फ्रान्सचे विमान मुहर्रकला उतरता उतरता समुद्रात कोसळले आणि ५२ पैकी ४६ जण दगावले. दोनच दिवसांनी, १४ जूनच्या रात्री, त्याच कंपनीचे, त्याच वाटेवरचे, त्याच जातीचे दुसरे विमान जवळपास त्याच ठिकाणी पडले. त्यातील ५३ पैकी ४० जण गेले. अंधाऱ्या रात्री सपाट समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला पाणी किती खाली आहे हे नजरेने ताडता येत नाही. चौकशीनंतर या विमानतळावर रेडिओची मार्गदर्शक साधने आणि धावपट्टीचे योग्य दिवे बसवावेत अशी शिफारस झाली. पुढे साधने आली, तरी समुद्राचा धोका संपूर्ण टळला नाही. २३ ऑगस्ट २००० रोजी कैरोहून आलेले गल्फ एअरचे विमान याच समुद्रात पडून त्यातील सर्व १४३ जण मरण पावले.

ज्या वर्षी ते दोन अपघात झाले त्याच १९५० साली फ्रेडी बॉसवर्थ या ब्रिटिश वैमानिकाने बहरीनमध्ये गल्फ एव्हिएशन ही लहानशी कंपनी काढली होती. १९७४ मध्ये बहरीन, कतार, अबू धाबी आणि ओमान या चौघांनी ती मिळून चालविण्याचे ठरविले आणि 'गल्फ एअर' हे नाव सर्वतोमुखी झाले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामे निघाली आणि कोकणातील तरुण मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. आपल्या मुरूड, रेवदंडा, पनवेल या गावांतील आपले जुने शेजारी, विशेषतः मुसलमान कुटुंबे, त्यात होती. आरंभी ही मंडळी मुंबईहून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीने, डेकवर पथारी टाकून जात. त्या आगबोटींपैकी 'दारा' ही ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन जळाली आणि २३८ जीव गेले. शेवटची 'द्वारका' १९८२ मध्ये थांबली. तोवर मुंबईतही सहारची नवी आंतरराष्ट्रीय इमारत १९८१ साली उघडली होती आणि आगबोटीची जागा विमानाने पूर्णपणे घेतली होती.

अशा रीतीने कोकणातील एका घरचा मुलगा मुंबईहून काही तासांत बहरीनला पोहोचू लागला. त्याच गावातील, त्याच आळीतील दुसऱ्या घरचा मुलगा लोदला स्थायिक झाला होता. त्याला मात्र आई आजारी असल्याची तार आली तरी त्या सरळ वाटेने जाता येत नव्हते. अरब राष्ट्रांचे आकाश इस्राएलकडे जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना बंद होते. १९७९ च्या क्रांतीपर्यंत तेहरान इस्राएली विमानांना खुले होते. तीही वाट नंतर मिटली. मग उरला युरोपचा वळसा, म्हणजे पूर्वेकडे जाण्यासाठी आधी पश्चिमेकडे जाणे. २९ जानेवारी १९९२ रोजी भारत व इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. त्यानंतर मुंबईला थेट विमाने जाऊ लागली, तरी तीदेखील तांबड्या समुद्रावरून दक्षिणेस उतरून, अरबस्तानला वळसा घालून जात. या वळशांचा हिशेब केवळ तासांत व पैशांत होत नाही. आई-वडिलांचे अखेरचे दर्शन ज्यांना घडले नाही, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत.

आकाशातील वाट नाकारली जाण्याचा अनुभव केवळ आपल्यालाच आला असे नव्हे. २१ जानेवारी १९७६ रोजी ब्रिटिश एअरवेजने ध्वनीहून वेगवान 'काँकॉर्ड' विमानाची पहिली नियमित फेरी केली ती लंडनहून बहरीनला. अमेरिकेने तोवर या विमानाला वाट दिली नव्हती, म्हणून हा मान मुहर्रकला मिळाला. १९७७ च्या डिसेंबरात ती सेवा सिंगापूरपर्यंत वाढविली; परंतु मलेशियाने हरकत घेतल्यामुळे तीन फेऱ्यांतच थांबली. १९७९ मध्ये पुन्हा सुरू होऊन १९८० मध्ये ती कायमची बंद झाली. जगातील सर्वांत वेगवान उतारू विमानालाही शेजाऱ्याच्या संमतीवाचून पुढे जाता आले नाही.

बहरीनमध्ये आपल्या धर्मबांधवांची एक लहान वस्ती होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रामुख्याने इराकमधील ज्यू कुटुंबे मनामाला येऊन व्यापार करीत. त्यांचे एक सिनेगॉगही तेथे होते. संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केल्यानंतर, १९४७ च्या डिसेंबरात तेथे दंगल झाली आणि सिनेगॉग लुटले गेले. त्यानंतर बहुतेक कुटुंबांनी देश सोडला. काही मोजकी तेथेच राहिली. त्यांपैकी नोनू घराण्यातील हुदा नोनू या २००८ मध्ये अमेरिकेत बहरीनच्या राजदूत झाल्या. अरब देशाच्या वतीने ज्यू व्यक्ती राजदूत होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

पुढील बदल मात्र अल्पकाळात घडले. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी अरेबियाच्या आकाशातून लोदला उतरले. इस्राएलकडे येणाऱ्या नियमित विमानाला सौदी अरेबियाने अशी वाट प्रथमच दिली आणि सुमारे दोन तास वाचले. १५ सप्टेंबर २०२० रोजी वॉशिंग्टन येथे इस्राएल आणि बहरीन यांच्यात समेट झाला. १८ ऑक्टोबरला एल अल कंपनीचे विमान शिष्टमंडळ घेऊन मुहर्रकला उतरले. त्या फेरीचा क्रमांक ९७३ ठेवला होता. हा बहरीनचा दूरध्वनी क्रमांक. ३० सप्टेंबर २०२१ रोजी गल्फ एअरची पहिली उतारू सेवा बहरीनहून लोदला आली, तेव्हा तिचा क्रमांक होता ९७२, म्हणजे आपला. त्याच वर्षी मनामाचे सिनेगॉगही दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. १५ जुलै २०२२ रोजी सौदी अरेबियाने आणि २३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओमाननेही आपले आकाश खुले केले. मुंबई ते लोद हा आपण नकाशावर ताणलेला दोरा प्रथमच अखंड झाला.

तोवर मुहर्रकचा विमानतळही पार बदलला होता. जानेवारी २०२१ मध्ये तेथे नवी इमारत सुरू झाली. वर्षाला १ कोटी ४० लाख उतारूंची सोय होईल एवढी ती मोठी आहे. जेथे होडीने जावे लागे तेथे आता समुद्र ओलांडणारे तीन मार्ग आहेत. जुना शेख हमद मार्ग, १९९७ चा शेख ईसा बिन सलमान मार्ग आणि २००३ मध्ये दक्षिणेकडे हिद्द गावाजवळ झालेला तिसरा. विमानतळापासून मनामा शहर सहा-सात किलोमीटरच आहे. टॅक्सीने थोड्या मिनिटांत पोहोचता येते. २०१५ पासून सुरू झालेल्या लाल बसगाड्याही विमानतळावरून शहरात जातात. १९८६ साली झालेल्या २५ किलोमीटर लांबीच्या राजा फहद मार्गाने तर हे बेट सौदी अरेबियाच्या भूमीला जोडले गेले आहे.

परंतु इतिहास येथेच सुखाने संपला, असे लिहिता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि बहरीन-लोद विमानसेवा थांबली. ती जेमतेम दोन वर्षे चालली होती. पाण्यावरचा मार्ग एकदा दगडमातीने बांधला की पिढ्यान् पिढ्या टिकतो. आकाशातला मार्ग माणसांच्या शब्दावर उभा असतो आणि शब्द फिरला की तो एका दिवसात दिसेनासा होतो. १९३२ साली इराणने शब्द नाकारला म्हणून बहरीनचे भाग्य उघडले; नंतर अरब राष्ट्रांनी नाकारला म्हणून आपल्या वाटेला वळसे आले; पुढे काहींनी तो दिला आणि अंतर कमी झाले. अंतर किलोमीटरांत मोजले तर ते केव्हाही बदललेले नव्हते.

एक विनंती करून हा लेख पुरा करतो. आपल्या प्रत्येक घरात मुंबईहून इस्राएलला येण्याची एक वाट होती, आणि ती दोन घरांची सारखी असेलच असे नाही. कोणत्या वर्षी निघालो, सांताक्रूझला कोण पोहोचवावयास आले, विमान कोठे कोठे उतरले, मध्ये किती वाट पाहावी लागली, लोदला प्रथम कोणी हात धरला, ही माहिती आता फार थोड्या वडीलधाऱ्यांपाशी उरली आहे. विमानतळांच्या इमारती पाडून नव्या बांधता येतात. ही माहिती एकदा गेली की पुन्हा मिळत नाही. मुला-नातवंडांनी एखाद्या शब्बाथच्या संध्याकाळी जवळ बसून ती ऐकावी आणि मग लिहून ठेवावी, मराठीत असो वा हिब्रूत. नकाशावरचा दोरा सरळ असो वा वळणाचा, त्याच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसे होती, हे पुढच्या पिढीला त्याशिवाय कळणार नाही.